दिवसाची लांबी आणि 'दिवस' ह्या शब्दाची व्याप्ती

चामोर्शीनजीक वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. त्या यात्रेचा दिवस कोणता, हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देताना तीन निरनिराळ्या कालमानांचा आश्रय करावा लागतो. शिवरात्र म्हणजे माघ कृष्ण चतुर्दशी, आणि तिथी ही चंद्र व सूर्य ह्यांच्यामधील अंतरावरून ठरते. ती ज्या मध्यरात्री चालू असेल ती रात्र शिवरात्रीची धरावयाची. वार मोजावयाचा तो सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. आणि सुटीची तारीख मात्र मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. यात्रेकरू ह्या सर्वांना 'दिवस' हा एकच शब्द लावतो आणि त्याचे काही अडत नाही. ते न अडण्याचे कारण भाषेत नसून पृथ्वीच्या गतीत आहे. येथे ही सारी माने एकमेकांच्या इतकी निकट आहेत की एका शब्दाने त्यांचे काम भागते.

तोच शब्द घेऊन बुध किंवा शुक्र ह्यांच्याकडे वळले की अडचण उभी राहते. 'शुक्राचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा असतो' हे विधान लोकप्रिय पुस्तकांतून वारंवार आढळते. ते एका अर्थाने खरे आहे आणि दुसऱ्या अर्थाने साफ चुकीचे आहे. विद्यार्थ्याने ते कोणत्या अर्थाने घ्यावे हे विधानावरून कळत नाही, आणि बहुधा लिहिणाऱ्यालाही ते कळलेले नसते. म्हणून ग्रहांच्या दिवसांची लांबी कशावरून ठरते ह्याचा विचार करताना प्रथम 'दिवस' म्हणजे काय मोजावयाचे, हे निश्चित करणे अवश्य आहे.

मराठीतील 'दिवस' हा शब्द मुळात 'प्रकाशणे' ह्या अर्थाच्या संस्कृत 'दिव्' शी संबद्ध आहे. लॅटिनमधील दिवसवाचक 'डिएस' हा त्याचाच दूरचा आप्त. इंग्रजी 'डे' मात्र, दिसण्यात कितीही सारखा असला तरी, ह्या कुळातला नव्हे. 'दिवस आणि रात्र' असे म्हटले असता शब्दाचा अर्थ उजेडाचा काळ एवढाच होतो. 'आठ दिवसांनी' असे म्हटले असता त्यात रात्री आपोआप समाविष्ट होतात. आणि 'दिवस मावळला', 'दिवस डोक्यावर आला' ह्या प्रयोगांत तर दिवस म्हणजे प्रत्यक्ष सूर्यच. चामोर्शीच्या परिसरात मराठीशेजारी गोंडी नांदते आणि दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगूचा प्रदेश लागतो. तेलुगूतील 'पोद्दु' हा शब्द सूर्य आणि वेळ असे दोन्ही अर्थ वाहतो. तमिळमधील कालवाचक 'पोळुदु' आणि गोंडीच्या बोलींतून थोड्या निरनिराळ्या रूपांनी आढळणारा सूर्यवाचक शब्द हे त्याच कुळातले. भिन्न कुळांच्या भाषांनी एकच मार्ग चोखाळला, ह्याचा अर्थ इतकाच की दिवस म्हणजे सूर्याचे पुनरागमन, ही कल्पना सर्वत्र मूळची आहे. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा तीत कोठेही उल्लेख नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही. फिरणे कोणास दिसत नाही; दिसतो तो सूर्य.

परंतु सूर्याचे पुनरागमन आणि पृथ्वीचे परिवलन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादा तारा डोक्यावर आल्यापासून पुन्हा तेथेच येईपर्यंत २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद लागतात. पृथ्वीचे एक परिवलन पुरे होते ते ह्या काळात. पण तेवढ्या अवधीत पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते, आणि त्यामुळे सूर्य पुन्हा माध्यान्ही येण्यास आणखी सुमारे ४ मिनिटे फिरावे लागते. ही ४ मिनिटे वर्षभर साठत जातात आणि त्यांचे पुरे एक परिवलन होते. म्हणजे ज्या वर्षात ३६५ दिवस होतात त्यात पृथ्वी ३६६ वेळा फिरते.

भारतीय ज्योतिषाने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० परिवलने होतात असे सांगितले. ह्यातून वर्षांची संख्या वजा केली असता १,५७,७९,१७,५०० उरतात, आणि तीच त्या युगातील सावन दिनांची, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच्या दिवसांची, संख्या होय. ह्या दोन आकड्यांच्या भागाकारावरून परिवलनाचा काळ २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद असाच येतो. परिवलने वजा प्रदक्षिणा बरोबर दिवस, हे एवढेसे सूत्र पुढील विवेचनास पुरेसे आहे.

येथे एक पाठभेदाची हकीकत सांगण्याजोगी आहे. एका प्राणात, म्हणजे सुमारे चार सेकंदांत, एक कला इतके फिरणे होते असे आर्यभटाचे वचन आहे. अहोरात्राचे प्राण २१,६०० आणि वर्तुळाच्या कलाही तितक्याच, त्यामुळे हिशेब चोख बसतो. पण फिरते कोण? ब्रह्मगुप्तासमोर जो पाठ होता त्यात 'भूः' असे पद होते, म्हणजे पृथ्वी फिरते. आणि त्याने त्याच मतावर आक्षेप घेतला आहे. पुढे काही टीकाकारांनी त्या जागी 'भम्', म्हणजे नक्षत्रचक्र, असा पाठ स्वीकारला. एका पदाच्या बदलाने पृथ्वी स्थिर झाली आणि आकाश फिरू लागले. गणितात मात्र रेसभरही फरक पडला नाही. सूर्यसिद्धान्तात नक्षत्रचक्राचे फेरे सांगितले आहेत, तेथेही तीच वजाबाकी चालते. वराहमिहिराने पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यांकडे कसे परततील, अशी शंका काढली होती, आणि तिला हास्यास्पद ठरविण्याची घाई कोणी करू नये. चामोर्शी सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. तेथील भूमी सेकंदास सुमारे ४३७ मीटर ह्या वेगाने पूर्वेकडे धावते. हवा, पक्षी आणि घरटे ही तिन्ही त्याच वेगात सहभागी असतात, हे उत्तर सुचण्यास जडत्वाची कल्पना लागते, आणि ती त्या काळी कोठेच सिद्ध झालेली नव्हती. केवळ मोजणीने वाद मिटण्यासारखा नव्हता. फुकोने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये टांगलेल्या लंबकाने तो प्रत्यक्ष दाखविला. तसाच लंबक चामोर्शीस टांगला तर त्याच्या झोक्याची दिशा पुरी फिरून येण्यास सुमारे ७० तास लागतील. ध्रुवावर त्यास एक परिवलन पुरते.

सूर्याचे पुनरागमन हेही काटेकोरपणे समान अंतराने होत नाही, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. ह्या दोन कारणांनी माध्यान्हापासून माध्यान्हापर्यंतचा काळ डिसेंबरच्या अखेरीस २४ तासांहून सुमारे अर्ध्या मिनिटाने अधिक, तर सप्टेंबरच्या मध्यास सुमारे २० सेकंदांनी कमी भरतो. आसाच्या कलण्याचा परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे तो मात्र उजेडाच्या काळावर: चामोर्शीस जूनच्या अखेरीस सूर्य सुमारे १३ तास २० मिनिटे क्षितिजावर असतो, डिसेंबरच्या अखेरीस सुमारे १० तास ५५ मिनिटे. 'दिवस मोठा होतो' ह्या रोजच्या वाक्यातील दिवस हा, आणि परिवलनाने ठरणाऱ्या दिवसाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता ती वजाबाकी इतर ग्रहांस लावून पाहावी. मंगळाचे परिवलन २४ तास ३७ मिनिटांत होते आणि सूर्याच्या पुनरागमनास २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंद लागतात; येथे दोहोंत फारसे अंतर नाही. बुधाची गोष्ट निराळी. त्याचे परिवलन ५८.६५ पार्थिव दिवसांत आणि प्रदक्षिणा ८७.९७ दिवसांत होते. म्हणजे दोन प्रदक्षिणांत बरोबर तीन परिवलने. तिनातून दोन वजा केले असता एक उरतो. बुधावर सूर्य एकदा उगवला की पुन्हा उगवेपर्यंत त्या ग्रहाची दोन वर्षे उलटतात. तो अवधी सुमारे १७६ पार्थिव दिवसांचा आहे. शुक्र उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतो, म्हणून तेथे वजाबाकीच्या जागी बेरीज करावी लागते. त्याचे परिवलन २४३ दिवसांचे, प्रदक्षिणा २२४.७ दिवसांची, आणि सूर्याचे पुनरागमन ११६.७५ दिवसांनी. परिवलन वर्षाहून दीर्घ आहे; पण दिवस वर्षाच्या निम्म्याहून थोडाच मोठा आहे. आरंभी दिलेले विधान ह्यामुळेच संदिग्ध ठरते. शुक्रावर सूर्य पश्चिमेस उगवतो आणि एका वर्षात जवळजवळ दोन वेळा उगवतो. त्या ग्रहाचा 'दिवस' वर्षाहून मोठा आहे, असे तेथील कोणी निरीक्षक कल्पिला तर तो खचित म्हणणार नाही.

चंद्रासही हे सूत्र लागू पडते. तो तारकांच्या संदर्भात २७.३२ दिवसांत एकदा फिरतो, वर्षात १३.३७ परिवलने होतात. त्यातून एक वजा केला की १२.३७ उरतात, आणि वर्षातील पौर्णिमांची सरासरीही तितकीच आहे. म्हणजे चंद्रावरील दिवस हा २९.५३ पार्थिव दिवसांचा, एका चांद्रमासाइतका, ठरतो. सिद्धान्तग्रंथांत पितरांचा एक दिवस म्हणजे एक चांद्रमास असे म्हटले आहे. भास्कराचार्यांनी १११४ साली जन्म घेऊन ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीत पितर चंद्राच्या वरच्या भागी राहतात व अमावास्येस त्यांचे माध्यान्ह होते, असा खुलासा आहे. पृथ्वीकडून न दिसणाऱ्या बाजूवर अमावास्येस सूर्य डोक्यावर असतो, हे भूमितीच्या दृष्टीने बिनचूक आहे. मेरूवरील देवांचा दिवस वर्षाएवढा, हेही ध्रुवावरील स्थितीचेच वर्णन होय. दिवस हा पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो ही जाणीव त्या परंपरेत पुरी होती.

आणि नेमके येथेच आधुनिक मराठी परिभाषेने थोडा घोटाळा करून ठेवला आहे. सिद्धान्तग्रंथांत चार दिनमाने वेगवेगळी आहेत: नाक्षत्र, सावन, चांद्र आणि सौर. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांच्या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' ह्या ग्रंथामुळे मराठी वाचकास ती अपरिचित राहिली नाहीत. त्या परिभाषेत सौर दिन म्हणजे सूर्यास एक अंश क्रमण्यास लागणारा काळ. तो सरासरीने सुमारे २४ तास २१ मिनिटांचा असतो. चांद्र दिन म्हणजे तिथी. तिची सरासरी सुमारे २३ तास ३७ मिनिटे. पाठ्यपुस्तकांत मात्र सूर्याच्या पुनरागमनास 'सौर दिन' म्हणतात, आणि चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले तेव्हा वृत्तपत्रांनी 'एक चांद्र दिवस म्हणजे पृथ्वीचे १४ दिवस' असे छापले. तो चौदा दिवसांचा काळ केवळ उजेडाचा होता. पुरा चांद्र दिवस त्याच्या दुप्पट. जुन्या अर्थी चांद्र दिन म्हणजे तिथी, नव्या अर्थी साडेएकोणतीस दिवस, आणि वृत्तपत्री अर्थी चौदा दिवस, अशी एका संज्ञेची तीन अपत्ये झाली आहेत.

मंगळावर याने पाठविणाऱ्या तंत्रज्ञांनी ह्या अडचणीतून वेगळी वाट काढली. १९७६ च्या व्हायकिंग मोहिमेपासून मंगळावरील दिवसास ते 'सोल' म्हणतात. हा सूर्यवाचक लॅटिन शब्द होय. पुढे त्यांच्या बोलण्यात 'काल' आणि 'आज' ह्यांसाठी 'येस्टरसोल', 'टुसोल' अशी रूपेही घडली. अत्यंत अद्ययावत यंत्रशाळेतील मंडळींना गरज पडताच ती 'दिवस मावळला' म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या शब्दव्यवहाराशी येऊन मिळाली. मराठीने नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. सूर्याच्या पुनरागमनास 'सावन दिन' ही निःसंदिग्ध संज्ञा तिच्याजवळ आहे. तिचा उगम यज्ञातील सोमसवनात असला म्हणून ती मंगळावर चालू नये असे नाही. परिवलनास लागणाऱ्या काळास मात्र 'दिन' हा शब्द लावूच नये; 'परिवलनकाल' एवढे पुरे. 'दैनंदिन गती' ही परिवलनाची जुनी संज्ञाही पृथ्वीपुरतीच खरी आहे. शुक्राची ती गती दैनंदिन नव्हे.

शब्द असे वेगळे केले म्हणजे मूळ प्रश्न नीट मांडता येतो: ग्रहाचा परिवलनकाल कशाने ठरतो? कक्षेचा काळ सूर्यापासूनच्या अंतरावरून केप्लरच्या नियमाने काढता येतो. परिवलनास असा एकही नियम नाही. त्यामागे त्या त्या ग्रहाचा इतिहास असतो.

सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वायू व धूलिकण ह्यांचा मेघ आकुंचन पावून सूर्यमाला निर्माण झाली. मेघास मुळात थोडी गिरकी होती. गिरकी घेणारी व्यक्ती पसरलेले हात अंगाशी घेते तेव्हा तिचा वेग वाढतो, तद्वत आकुंचनाबरोबर मेघाची गती वाढत गेली. ह्यास कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. ग्रह ज्या द्रव्यातून गोळा झाले त्याच्याबरोबर हा संवेगही त्यांच्याकडे आला. ज्यांनी फार मोठ्या प्रमाणावर वायू ओढून घेतला ते वेगाने फिरतात. पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा गुरू ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, आणि ह्या वेगामुळे त्याचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासाहून ९ हजार किलोमीटरांनी अधिक झाला आहे. शनीस घन पृष्ठभाग नाही आणि त्याचा चुंबकीय आस परिवलनाच्या आसाशी जवळजवळ जुळलेला आहे, त्यामुळे मोजण्यास खूणच सापडेना. शेवटी कॅसिनी यानाने त्याच्या कड्यांत टिपलेल्या तरंगांवरून २०१९ मध्ये १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद हे मान काढण्यात आले. खडकाळ ग्रहांचे तसे नाही. त्यांच्या घडणीच्या अखेरच्या टप्प्यात मोठमोठे पिंड त्यांच्यावर आदळले, आणि प्रत्येक आघाताने आस व वेग बदलला. पृथ्वीवर झालेल्या अशाच आघातातून चंद्र निर्माण झाला असे मानतात. त्यानंतर तिचा परिवलनकाल पाच-सहा तासांइतका अल्प असावा, असे प्रतिमाने सांगतात. पृथ्वी आणि मंगळ ह्यांचे दिवस आज सारखे आहेत हा निव्वळ योगायोग होय.

पुढील बदल घडविते ती भरती. चंद्राच्या आकर्षणाने सागराचा जो फुगवटा निर्माण होतो तो पृथ्वीच्या वेगवान परिवलनाबरोबर चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. चंद्र त्यास मागे खेचतो, पृथ्वीची गती मंदावते आणि तिने गमावलेला संवेग मिळून चंद्र वर्षास ३.८ सेंटिमीटर दूर जातो. ही मंदगती कांटने १७५४ मध्येच तर्काने सुचविली होती. तिचा पुरावा मात्र अनपेक्षित ठिकाणी मिळाला. १९६३ मध्ये जॉन वेल्स ह्यांनी डेव्होनियन काळातील प्रवाळांच्या दैनिक वाढीच्या रेषा मोजल्या, तेव्हा वार्षिक वाढीच्या एका पट्ट्यात त्या सुमारे ४०० भरल्या. वर्षाची लांबी तीच. तेव्हा दिवस सुमारे २२ तासांचा होता. बाबिलोनी मृत्तिकापट्टांवर व अन्यत्र नोंदलेल्या ग्रहणांवरून गेल्या सुमारे २७०० वर्षांत दिवस दर शतकास सरासरीने १.८ मिलिसेकंद वाढला असे दिसते. हा आकडा क्षुद्र वाटतो, परंतु तो साठत जातो: इ. स. पूर्व ५०० च्या ग्रहणाची वेळ आजच्या गतीने काढली तर ती जवळजवळ पाच तासांनी चुकते.

हीच क्रिया चंद्रावर पूर्णत्वास गेली आहे, म्हणून त्याची एकच बाजू दिसते. बुधाविषयीही तसेच मानीत. स्क्यापारेल्ली ह्यांनी १८८९ मध्ये बुधाचे परिवलन ८८ दिवसांचे, म्हणजे प्रदक्षिणेइतकेच, असल्याचे सांगितले, आणि पाऊणशे वर्षे ते कोणी मोडले नाही. तसे असते तर एकातून एक वजा जाऊन शून्य उरले असते. बुधास वर्ष असते, दिवसच नसता. १९६५ मध्ये पेटेंगिल आणि डाइस ह्यांनी अरेसिबो येथील रडारने परिवलनकाल सुमारे ५९ दिवसांचा असल्याचे दाखविले. जुन्या निरीक्षकांची नजर वाईट नव्हती. बुध निरीक्षणास सोयीचा असे त्या वेळी बहुधा त्याची तीच बाजू समोर येई, आणि त्यांनी जे पाहण्याची अपेक्षा केली तेच त्यांना दिसत राहिले. बुधाची कक्षा बरीच लांबट आहे. सूर्याजवळून जाताना भरतीची ओढ सर्वांत तीव्र असते, आणि त्या वेळच्या कक्षीय गतीशी जुळवून घेता घेता तो तीनास दोन ह्या प्रमाणात अडकला. त्याच कारणाने तेथील सूर्य काही काळ थांबून मागे सरकतो. काही ठिकाणी तर तो उगवून पुन्हा मावळतो आणि नंतर उगवतो. अशा ठिकाणी 'दिवस उगवला' हे वाक्य केव्हा उच्चारावे, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यावर सोपविण्यास हरकत नाही.

शुक्रावर समुद्र नाही. तेथे काम करते ते वातावरण. पृथ्वीच्या सुमारे ९० पट दाबाचे ते दाट आवरण सूर्यतापाने फुगते, आणि त्या फुगवट्यावर सूर्याची ओढ लागून ग्रहाच्या घन भागास उलट दिशेने रेटा मिळतो. भरतीचे घर्षण आणि हा रेटा ह्यांच्या समतोलातून सध्याची मंद, विपरीत गती निष्पन्न झाली असावी, हे मत आज प्रबळ आहे. वरचे ढग स्वतः चार-पाच दिवसांतच ग्रहास फेरी घालतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रडार-मापनांत शुक्राचा परिवलनकाल सुमारे २० मिनिटांच्या मर्यादेत कमीजास्त होत असल्याचे दिसले. वातावरण आणि घन ग्रह ह्यांच्यात संवेगाची देवघेव सतत चालू असते.

पृथ्वीवरही ती चालते, मात्र मिलिसेकंदांत. वारे, सागरप्रवाह, हिमाचे वितळणे आणि द्रवरूप गाभ्यातील हालचाल ह्यांनी परिवलनकाल सतत बदलतो. आण्विक घड्याळे सर्वत्र रूढ झाल्यावर हा फरक झाकता येईना, म्हणून १९७२ पासून आवश्यकतेनुसार एक जादा सेकंद घालण्यात येऊ लागला. असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ रोजी. त्यानंतर पृथ्वी किंचित वेगाने फिरू लागली. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांहून १.६६ मिलिसेकंद लहान भरला, आणि सेकंद घालण्याऐवजी वगळावा लागेल काय ह्याची चर्चा सुरू झाली. ती रीत २०३५ पर्यंत सोडून द्यावी असा निर्णय मापनविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये घेतला आहे. तो अंमलात आल्यावर घड्याळाचा दिवस आणि सूर्याचा दिवस ह्यांच्यात आजवर राखलेली सेकंदाची मर्यादा उरणार नाही. पंचांग मात्र तिथी आणि सूर्योदय ह्यांवरच चालेल. आणि मार्कंड्याचा सूर्योदय मुंबईच्या आधी जवळजवळ अर्धा तास होत असल्यामुळे, एखादी तिथी त्या अर्ध्या तासात संपली, तर सूर्योदयाची तिथी दोन्ही ठिकाणी वेगळी येईल.